ताण्याला ऊन सोसत नाही

वडगाव, बेळगाव
बुधवार, भर दुपार

ती. सौ. बायाक्का यांस,

तुमच्या धाकट्या भावजयीचा, म्हणजे सुवर्णाचा, वाकून नमस्कार. (खरं तर वाकवत नाही, कंबर धरली आहे, पण कागदावर वाकायला काय जातं.) तिकडे निपाणीत तुम्ही, भावजी आणि मंजुश्री खुशाल असाल. नवरीचं तोंड रापू नये म्हणून तुम्ही मंजुश्रीला दुपारचं उंबऱ्याबाहेर सोडत नाही असं कळलं, फार बरं वाटलं. पोरीची काळजी अशीच घ्यावी. पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे आक्का, फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. पत्रात तेवढं उलटं करता येतं. शिवाय तुमचा आवाज इतका खणखणीत, की फोन माझ्या कानाला असला तरी पलीकडच्या खोलीत आप्पांना सगळं ऐकू जातं, आणि आजचं बोलणं तुमच्या वडिलांच्या कानावर जायला नको आहे. पत्रात ‘विनंती विशेष’ लिहायची रीत असते. विनंती मागाहून करीन, आधी विशेष ऐका.

रोज सकाळी चहाच्या आधी तुमचा आवाज मोबाइलवर येऊन पडलेला असतो. आप्पांना आज हे द्या, उद्या ते द्या, ऊन वाढलंय, जपा. उन्हाचा इशारा सरकारही पाठवतं. सरकारचा कानडीत येतो, तुमचा मराठीत, ऊन मात्र दोन्ही भाषांत सारखंच लागतं. तुमच्या एकाही उपायाला मी नाही म्हटलेलं नाही हे देवाला ठाऊक आहे. (तुम्हालाही ठाऊक आहे, कारण उपाय केला की त्याचा फोटो पाठवायचा असा तुमचा हुकूम आहे.)

आता बेळगावचा उन्हाळा म्हणजे काय, हे माहेरवाशिणीला मी सांगायची गरज नाही. आपलं गाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, असं तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. आता त्यातलं महाबळेश्वर गेलं, गरीब तेवढे राहिले. पण म्हाताऱ्या माणसांना हे कोण पटवणार? आप्पांच्या मते बेळगावात उकडतं असं म्हणणं म्हणजे गावाची बदनामी. पंखा लावला तर शेजारी काय म्हणतील अशा नजरेनं ते पंख्याकडे बघतात. घामानं बंडी पिळून काढायची वेळ आली तरी म्हणतात, जरा दमट हाय. परवा रस्त्यावरचं डांबर माझ्या चपलेला चिकटून घरात आलं, तर म्हणाले डांबर हलकं घातलंय कंत्राटदारानं.

बरं, आप्पा घरात स्वस्थ बसून असते तर गोष्ट वेगळी. पण संक्रांतीला तुम्ही आलात, आणि मंजुश्रीच्या सासरच्यांना आहेराच्या साड्या आप्पांच्या हातच्याच द्यायच्या, त्याही यंत्रमागावरच्या नकोत, हातमागावरच्याच हव्यात, असं म्हणून गेलात. यंत्रमागाची साडी जाणत्या बाईला लगेच कळते म्हणालात. (कळते, मी नाकारत नाही. त्यांच्यातली जाणती कोण हे मात्र अजून कळायचं आहे.) झालं! मागच्या अंगाच्या पत्र्याच्या खोलीतला जुना माग आप्पांनी झाडून पुसून उभा केला. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस पंचविशीतल्यासारखा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. दोन डझन साड्या, वैशाखातलं लग्न आणि डोक्यावर तापलेला पत्रा. हिंडलग्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनाही दुपारी सावली मिळत असेल, आमच्या आप्पांना नाही.

त्या खोलीत पंखा चालत नाही, वाऱ्यानं धागे उडतात. हवा कोरडी झाली की मागावर ताणलेले उभे धागे, म्हणजे आपला ताणा, पटापटा तुटतो. म्हणून आप्पा काय करतात, तर खिडक्यांना ओली गोणपाटं लावतात, जमिनीवर पाणी शिंपडतात, तासातासानं उठून गोणपाट सुकलं का ते हात लावून बघतात. एवढी निगा मी बाळंतपणातसुद्धा कुणाची झालेली बघितली नाही. आणि स्वतः? सकाळी एक कप चहा, दुपारी एक कप चहा, मधे तपकीर. पाण्याचा तांब्या मी भरून ठेवते, तो संध्याकाळी तसाच भरलेला उचलते. एकदा मी न राहवून म्हटलं, आप्पा, ताण्याएवढं तरी स्वतःकडे बघा. तर म्हणाले, “ताण्याला ऊन सोसत न्हाय गं. मला काय हुतंय? मी काय रेशीम हाय व्हय?”

तर अशा माणसावर तुमचे उपाय सुरू झाले. पहिला मान कांद्याचा. खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, असं तुम्ही तीन वेळा बजावलंत. आता कांद्यानं ऊन कसं अडतं हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही, आणि दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं तर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पण तुमचा शब्द म्हणून चांगला टपोरा कांदा निवडून मी आप्पांच्या बंडीच्या खिशात घातला. बंडी जुनी, खिसा फाटका, कांदा टुणकन खड्ड्यात. आप्पांचे पाय खाली मागाच्या पावड्या दाबत चाललेले. त्यांना वाटलं, पावडी जड लागतेय, म्हणून त्यांनी जोर केला. पुढं काय झालं ते लिहायला नको. खड्ड्यात कांद्याची चटणी झाली आणि मागावर अर्धी झालेली जांभळी साडी त्या वासात दिवसभर मुरली. विणून उतरल्यावर तीन दिवस मी ती वाऱ्यावर टांगली, उदबत्त्या लावल्या, कापूर ठेवला. आता तिला उदबत्ती, कापूर आणि कांदा असा तिन्हींचा वास येतो. ती साडी मी वेगळी बांधली आहे. मंजुश्रीच्या सासूबाईंना तुम्ही स्वतःच्या हातानं द्यावी अशी माझी इच्छा आहे.

त्या घोटाळ्यात एक दिवस गेला. गेलेला दिवस आप्पांनी कसा भरून काढला? दुपारची पडायची घटकाभर होती, ती बंद केली. एवढं ध्यानात ठेवा आक्का, कारण पुढच्या प्रत्येक उपायाला हेच झालं.

दुसरा मान तुमच्या बंधुराजांचा. हे उद्यमबागेत भट्टीपुढं काम करतात, त्यामुळं उष्णतेतलं आपल्याला सगळं कळतं असा यांचा समज. त्यात कारखान्यात उष्माघातावर व्याख्यान झालं. (व्याख्यान पत्र्याच्या शेडमध्ये, भर बारा वाजता, आणि पाहुणे तासभर उशिरा. दोघांना भोवळ आली, त्यांना उदाहरण म्हणून पुढं बसवलं म्हणे.) तिथून हे ओआरएसची पाकिटं आणि एक शिट्टी घेऊन आले. सुट्टीच्या दिवशी दर अर्ध्या तासानं अंगणात शिट्टी वाजायची आणि आप्पांपुढं पेला जायचा. आप्पा मुकाट्यानं पेला घ्यायचे, रिकामा परत द्यायचे. आम्ही खूश. व्याख्यानाचा एवढा उपयोग झालेला कारखान्यानंही कधी बघितला नसेल.

दोन दिवसांनी मागाच्या खोलीत मुंग्या. एक-दोन नव्हेत, रांगाच रांगा. जमिनीवर, खड्ड्याच्या काठावर, आणि तिथून थेट ताण्यावर, कारण ताण्याला खळ लावलेली, ती त्यांना मेजवानीच. शोध घेतला तेव्हा कळलं, आप्पा पेला तोंडाला लावायचे, आमची पाठ वळली की सगळं साखर-मिठाचं पाणी जमिनीवर शिंपडायचे. नाहीतरी शिंपडायचंच हुतं, म्हणाले. म्हणजे कारखान्याच्या व्याख्यानाप्रमाणे ताण्याला वेळच्या वेळी ओआरएस मिळालं. सबंध दिवस मी आणि जयाबाई (मष्णूची बायको, आपल्या शेजारची) धाग्याधाग्यावरून पिसानं मुंग्या झाडत बसलो. तो दिवसही आप्पांनी दुपारीच भरून काढला. तुमचे बंधू मात्र त्या संध्याकाळी दमून भागून चौकात गेले, बर्फ घातलेला उसाचा रस दोन ग्लास प्यायले आणि दोन दिवस परसात ये-जा करत राहिले. उरलेली ओआरएसची पाकिटं त्यांच्याच कामी आली, वाया काही गेलं नाही.

मष्णूचं तर विचारूच नका. उन्हाळा आला की हा माणूस धन्वंतरी होतो. एरंडेल टाळूवर थापा, तुळशीची माती कपाळाला लावा, आणि सगळ्यात शेवटी सलाईन. आपल्या गल्लीत उन्हाळ्यात एक तरी सलाईन लावून घेतल्याशिवाय ऋतू साजरा झाला असं कुणी मानत नाही. साधं पाणी फुकट मिळतं म्हणून त्याच्यावर विश्वास नाही, तेच सुईतून गेलं की औषध. त्याच्या सांगण्यावरून आप्पांच्या टाळूवर एरंडेल थापलं, ते उन्हानं पातळ होऊन कानामागून ओघळलं आणि एक थेंब पिवळ्या साडीच्या पदरावर. मी लिहिलं नव्हतं, पण तीही वेगळी बांधली आहे. (ती मंजुश्रीच्या धाकट्या नणंदेला चालेल का बघा.)

आता मागच्या शुक्रवारचं. हे मी तुम्हाला फोनवर “आप्पांना जरा घेरी आली” एवढंच सांगितलं होतं. खरं ते आज लिहिते.

दुपारची वेळ. मी भाकरी थापत होते आणि मागाचा आवाज थांबला. आवाज थांबतो कधी कधी, धागा तुटला की. पण तुटला की आप्पा धाग्याला शिव्या घालतात, त्याही ऐकू येईनात. जाऊन बघते तर आप्पा मागावर पालथे. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. हाक मारली तर डोळे उघडून मला म्हणाले, “शांते, सुताच्या कांड्या भरल्यास का गं?” आक्का, शांता म्हणजे तुमची आई. त्या जाऊन किती वर्षं झाली.

मी ओरडले तशी गल्ली जमा झाली. गल्ली म्हणजे कशी, आपली! सगळे त्या एवढ्याशा खोलीत घुसले, उरलीसुरली हवा त्यांनी घेतली आणि मग आप्पांना हवा लागू द्या म्हणून एकमेकांना सांगू लागले. एकानं कांदा फोडून नाकाशी धरला. दुसरा म्हणाला बाधा आहे, मीठ-मिरच्या ओवाळा. मष्णू तांब्या घेऊन आप्पांच्या तोंडात पाणी ओतायला निघाला; धड शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशात पाणी गेलं तर ते छातीत उतरतं, हे यांनी घरी येऊन सांगितलेलं त्या व्याख्यानातलं एवढं एकच वाक्य मला आठवत होतं. मी त्याच्या हातातला तांब्या हिसकला आणि आप्पांच्या डोक्यावर उपडा केला. मग खिडक्यांची ओली गोणपाटं ओढून काढली, आप्पांच्या अंगावर टाकली, वरून घागर ओतली, आणि घरातला पंखा आणून लावला. मागाच्या खोलीत पंखा फिरला तो त्या दिवशी पहिल्यांदा. ताण्याचे धागे भुताच्या केसांसारखे उडत होते आणि मी रडत होते. मला कशाचीच पर्वा नव्हती.

थोड्या वेळानं आप्पांनी डोळे उघडले. मला ओळखलं. आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, “गोणपाटं कुणी काढली गं? ताणा वाळंल की.”

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. या वयात तहान लागत नाही, म्हणून तहान लागायची वाट बघायची नाही, थोडं थोडं पाणी पाजत राहायचं. चहा कमी. आणि अकरा ते चार मागावर बसायचं नाही म्हणजे नाही. आप्पांनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. त्यांनी मान डोलावली तेव्हाच मी समजून गेले.

मग बघायला येणारे. उन्हानं आजारी पडलेल्या माणसाला बघायला लोक भर उन्हात येतात, हे मला एक नवलच वाटतं. येतात, उन्हात कसं फिरू नये ते सांगतात, आणि थंड काहीतरी मागतात. कणकुंबीकडची बाई आमसुलं देऊन गेली होती, ती दोन दिवसांत संपली. कैऱ्या उकडायला, आमसुलांचं सार करायला, ताक घुसळायला त्या तापलेल्या स्वयंपाकघरात मी एकटी. माझ्या उन्हाळ्याचा संदेश कुणाच्याच मोबाइलवर आला नाही. (तुमच्याही नाही. हे आपलं सहज लिहिलं.)

आणि सोमवारी सकाळी उठून बघते, तर आप्पा मागावर. गुंतलेले धागे सोडवून, नवी गोणपाटं लावून, पहिल्यासारखे. अकरा वाजले, उठले नाहीत. मी उभी राहिले, हे ओरडले, जयाबाईनं समजावलं. त्यांचं एकच, नातीचं लगीन हाय, सोयऱ्याधायऱ्यांत माझी साडी जाणार, ऱ्हायलेल्या कोण विणणार? आत्ता हे लिहितानाही माग चालू आहे. खटखट ऐकू येतेय तोवर मी लिहिते. मधेच थांबली की पेन ठेवून बघून येते. या पत्राच्या ओळी कुठं कुठं वाकड्या झाल्या आहेत त्या त्यामुळं.

बाकी क्षेम. लहान तोंडी मोठा घास घेतला आहे, तो थंड ताकाबरोबर गिळून टाकावा.

तुमची आज्ञेतली (आणि म्हणूनच थकलेली),
सुवर्णा

ता. क. – आता विनंती. स्पष्टच लिहिते, आक्का. कांदा तुमचा, एरंडेल मष्णूचं, शिट्टी तुमच्या भावाची, पण आप्पांना दुपारी मागावर बसवलंय ते तुमच्या साड्यांनी. उन्हापासून वाचवायचे उपायही तुम्हीच पाठवता आणि उन्हात बसायचं कामही तुम्हीच दिलंय. साड्या कमी करा असं मी म्हणत नाही. ते कळलं तर आप्पांना वाटेल, आपल्या हातात आता राम नाही असं लेकीला वाटतंय, आणि त्या दुखण्यावर गोणपाट चालणार नाही. म्हणून एक करा. आप्पांना पत्र लिहा, की मंजुश्रीच्या सासरी रिवाज आहे, लग्नातलं वस्त्र सूर्य डोक्यावर असताना विणत नाहीत, सकाळ-संध्याकाळचंच लागतं. दुपारचं विणलेलं त्यांच्या देवाला चालत नाही. तुमचे वडील डॉक्टरचं ऐकत नाहीत, पण सोयऱ्यांच्या रिवाजापुढं मान खाली घालतील. असं खोटं लिहायला जिवावर येत असेल, तर माझ्या भाकऱ्यांना मऊ म्हणताना तुम्हाला कसं जमतं ते आठवा. आणि साड्या झाल्याच नाहीत, तर उरलेल्या दिवाळसणाला द्या. सोयरे दिवाळीपर्यंत थांबतात. ऊन थांबत नाही.

नळाला पाणी आलं असं जयाबाई ओरडतेय. चार दिवसांनी आलंय, उठते. परत आल्यावर पाकीट चिकटवीन.

आणि एक ता. क. – बाया, हे मी लिवतोय, तुझा आप्पा. सुवर्णा घागरी घेऊन नळावर गेलीया. कागद झाकून ठेवायची तिला सवय न्हाय. सगळं वाचून काढलं. कांद्याचा वास तिनं लिवलाय तेवढा न्हवता. ते गोड-खारं पाणी ओतलो ते खरं हाय, लई गुळमट, पिववत न्हाय. शुक्रवारी मला काय झालं न्हवतं, जरा डोळा लागलाता. आता तू हसशील. बरं, न्हाय लागलाता.

ते रिवाजाचं मातर झकास हाय. लगीच लिवून पाठव. मी आपणहून माग थांबवला तर मष्णू गल्लीभर सांगंल, केदारी आप्पा दमला म्हणून. सोयऱ्यांचा रिवाज म्हटल्यावर कोण काय बोलतंय? अकरा ते चार असं ठळक लिव, मोघम लिवू नको. मला हे ठावं हाय ते सुवर्णाला कळू देऊ नको, तिनं मला फसवलं असंच तिला वाटू दे. पाकीट मीच चिकटवतो.

उशीर करू नको पोरी. दुपार व्हायला लागली की आता मला भ्या वाटतंय.